नऊ फूट पाणी

४ मार्च, सोमवार

बावीस वर्षं मी रोज सकाळी वहीत पाण्याची उंची लिहिली. काठावरच्या खांबावर पट्टे रंगवले होते, त्यावरून फूट आणि इंच. खाली वारा कुठला, आणि नावेच्या किती फेऱ्या झाल्या. नवरा होता तोवर तो नाव चालवायचा, मी लिहायचे. तो गेल्यावर दोन्ही कामं माझ्याकडे आली. मग धरणाचं पाणी चढलं. खांब बुडाला, घर बुडालं, आणि आम्हाला ट्रकमध्ये बसवून या शहराच्या कडेला वसाहतीत आणून सोडलं. पुढच्या आठवड्यात त्याला वर्ष होईल. वर्षभर वहीला हात लावला नाही. लिहायला होतं काय?

आज लिहितेय, कारण आज नोकरी लागली. नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर सफाई. काम देणारा कारकून म्हणाला, "पाण्याजवळचं आहे, तुम्हाला बरं पडेल." मी हसले नाही, तसा तो कागदात तोंड घालून बसला.

तलाव म्हणजे निळ्या फरशांची टाकी. एका टोकाला तीन फूट, दुसऱ्या टोकाला नऊ. भिंतीवर लाल अक्षरात 'खोल पाणी'. नऊ फुटाला खोल म्हणतात. औषधाचा वास इतका की डोळे चुरचुरतात. लांब दांड्याची जाळी घेऊन पानं काढायची, फरशा घासायच्या, कपडे बदलायच्या खोल्या धुवायच्या. हे पाणी कुठून येत नाही नि कुठे जात नाही. दिवसभर त्याच्याकडे बघून मलाच अवघडल्यासारखं झालं.

सगळे मला मावशी म्हणतात. व्यवस्थापक माझ्याहून दहा वर्षांनी मोठा असेल, तोही.

५ मार्च, मंगळवार

आत्या दर मंगळवारी वसाहतीच्या कचेरीत जातात. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. शहात्तर वर्षांच्या, दोन्ही गुडघे दुखतात, तरी चुकवत नाहीत. धरणाच्या वरच्या उंच जागेवर आमच्या लोकांना भूखंड मिळणार आहेत, त्याची यादी आहे. आमचं घर एकोणिसावं. यादी कधीपासून तिथेच आहे, जागची हलत नाही. म्हटलं, "आत्या, कशाला जाता? झालं तर कळवतीलच." म्हणाल्या, "पाय मोकळे होतात."

चार तासांनी परत आल्या. चेहरा उतरलेला नव्हता, उलट जरा खुशीत होत्या. मला वाईट वाटू नये म्हणून असणार. त्यांचा जीव तिकडेच अडकलाय. त्यांच्यासाठी तरी मला ती जागा मिळवलीच पाहिजे.

१४ मार्च, गुरुवार

आज लेकीच्या शाळेचा नववीचा वर्ग तलावावर आला. आठवड्यातून एक तास पोहणं आहे म्हणे, मला माहीत नव्हतं. मी पलीकडे पायऱ्या घासत होते.

तीन फुटात सगळ्या मुली काठाला धरून उभ्या. शिट्टीवाले सर बाहेर उभे राहून हात कसे हलवायचे ते हवेत दाखवत होते. माझी लेकही काठाला धरून होती. सरांनी हात सोडायला सांगितलं तर ओरडून पुन्हा काठ पकडला. सगळ्या हसल्या, तीही हसली.

सातव्या वर्षी ती नदी पार करून परत आली होती, तेही न सांगता. त्याबद्दल माझा मार खाल्ला होता तिनं.

वर्षभर पाणी नाही, सवय गेली असेल. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. चष्मा काढून ठेवला होता, दिसलं नसणार.

घरी आल्यावर मी विषय काढला नाही. तिनंही नाही.

२६ मार्च, मंगळवार

काल रात्रीपासून तलावाचं पाणी उपसलं जात नव्हतं. नऊ फुटाच्या तळाशी जी लोखंडी जाळी आहे तिच्यावर कोणाचा तरी टॉवेल जाऊन बसला होता. वरून दिसत होता. व्यवस्थापक म्हणाले, "सर, काढा." सरांनी कान चोळले. म्हणाले, तळाला गेलं की कानात दुखतं, पाणबुड्या बोलवा. पाणबुड्या म्हणे परवा येईल. मग दोन दिवस तलाव बंद.

माझ्या हातातली बादली मी खाली ठेवली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी उतरले.

वर्षभरानं पाणी डोक्यावरून गेलं. खाली सगळं शांत. टॉवेल ओढला तर जाळीत अडकलेला, दोन्ही पाय तळाला टेकवून उपटावा लागला. निघाला, आणि मला लगेच वर यायचं नव्हतं. तसंच थोडं थांबले. किती, ते माहीत नाही. वर आले तेव्हा सर शिट्टी वाजवत होते आणि व्यवस्थापक पांढरे पडले होते.

"मावशी, कर्मचाऱ्यांना पाण्यात उतरायची परवानगी नाही," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "टॉवेल कुठाय?"

बायकांच्या तासाला आलेली एक बाई हे सगळं बघत होती. चौकात औषधाचं दुकान आहे तिचं. दोन महिने झाले म्हणे, रोज येते आणि काठाला धरून तासभर उभी राहते, जशी बसची वाट बघतेय.

२ एप्रिल, मंगळवार

औषधवाली आज माझ्यापाशी येऊन थांबली.

"मला शिकवाल का? पन्नाशी झाली. पाण्याची भीती घालवून मगच मरायचं ठरवलंय."

म्हटलं, "सर आहेत की."

"सर हवेत पोहतात. तुम्ही तिकडे नाव चालवायचात ना? पुरातसुद्धा?"

मी इथे कोणाला नावेबद्दल बोललेले नाही. कागदावर 'पूर्वीचा व्यवसाय' या रकान्यात कारकुनानं 'घरकाम' लिहिलं होतं, ते मी तसंच राहू दिलं. हिला कसं कळलं कोण जाणे. शहरात बातम्यांना पाय असतात.

व्यवस्थापकांना विचारलं. टॉवेलापासून ते माझ्याशी जरा बिचकून वागतात. म्हणाले, "सकाळी सहा ते सात तलाव रिकामाच असतो. मी काही पाहिलं नाही."

८ एप्रिल, सोमवार

पहिला धडा. मी औषधवालीला सांगितलं, हात मारू नका, पाय मारू नका, पाण्याशी भांडायचं नाही. त्याला पाठ द्यायची, भिंतीला देतो तशी. ती म्हणाली, भिंत कधी बुडवत नाही. म्हटलं, भिंत कधी उचलतही नाही.

तिच्या पाठीखाली हात धरला. अंग लाकडासारखं ताठ. विसाव्या वेळी कान पाण्यात गेले आणि तिनं डोळे मिटले. तीन श्वास तरंगली असेल. उभी राहिली ती रडत होती, आणि रडता रडता मला म्हणाली, "उद्या किती वाजता?"

२० एप्रिल, शनिवार

आता अकरा जणी. शाळेतल्या शिक्षिका, बँकेतली एक, एक शिंपीण, एक गरोदर आहे तिला मी फक्त तरंगायला देते. मी आपलं माझ्या बोलीत बोलते, धार, उतार, काठ. या सगळ्या आधी 'साइड' म्हणायच्या. आज औषधवाली नव्या बाईला ओरडून सांगत होती, "अहो, काठ सोडा आणि उतारानं या." इथे कुठला आलाय उतार. मी दुरुस्त करणार होते, पण बाई बरोबर पोहत आली.

मला मावशी म्हणायचं त्यांनी कधी बंद केलं लक्षात आलं नाही. आता बाई म्हणतात. शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं.

आज औषधवालीनं विचारलं, लेकीची परीक्षा कशी गेली, गणिताची भीती होती ना तिला? मला ती भीती माहीत नव्हती.

२९ एप्रिल, सोमवार

तक्रार आली. तेवीस सह्या. व्यवस्थापकांनी मला वाचून दाखवलं नाही, कागद फिरवून समोर ठेवला. 'विस्थापितांच्या वसाहतीतील तात्पुरत्या कार्डधारक व्यक्तीस सभासदांच्या पाण्यात उतरू दिले जाते. आरोग्याचा विचार व्हावा.'

दोन महिने या पाण्यात औषध मीच टाकते, आणि मोजूनही मीच टाकते.

"माझा नाइलाज आहे, बाई. पाण्यात उतरू नका. प्रशिक्षकाचा परवाना असता तर कोणी ब्र काढला नसता. परीक्षा एक जूनला इथेच आहे. पण तिला कायम रहिवासाचं कार्ड लागतं."

मी विचारलं, "काठावर उभं राहायला लागतं का?"

त्यांनी कागद परत स्वतःकडे फिरवला. "नाही. त्याला नाही."

३० एप्रिल, मंगळवार

जाळीचा लांब दांडा घेतला, जाळी काढून ठेवली आणि काठावरून शिकवलं. जी बुडायला लागेल तिच्यापुढे दांडा. कोरड्या कपड्यात उभं राहून अकरा बायकांना पाण्यात फिरवलं, गुरं वळावीत तशी. हसून हसून दोघींच्या नाकात पाणी गेलं. कोणी घरी गेलं नाही.

पण कार्डाचा विचार डोक्यातून जात नाही. कायम रहिवासाचं कार्ड घेतलं की भूखंडाच्या यादीतून नाव कमी होतं. दोन्ही ठेवता येत नाही. म्हणजे सही करून सांगायचं की मी आता तिकडची नाही. नाव तर गेलीच आहे. आता यादीतलं नावही पुसायचं.

आणि आत्या? त्यांना काय सांगू? दर मंगळवारी त्या जातात, आणि मी त्यांच्या पाठीमागे नाव काढून येणार?

४ मे, शनिवार

किराणावाले काका दारात आले. तिकडे आमच्या शेजारी त्यांचं दुकान होतं, इथेही तीन घरं सोडून राहतात. आमच्या लोकांचे अर्ज तेच लिहितात. कुठून तरी त्यांच्या कानावर गेलं होतं.

"तू एकटी नाव काढतेस असं नाही, पोरी. यादी लहान होत गेली की उद्या ते म्हणतील, बघा, यांनाच जागा नको. मग आम्ही कोणाच्या जोरावर भांडायचं?"

खोटं नव्हतं ते. मी म्हटलं, "काका, लेक पुढच्या वर्षी कॉलेजात जाईल. तात्पुरत्या कार्डावर तिला कुठे घेतील?"

"सगळ्यांच्याच लेकी आहेत."

चहा न घेता गेले. माझ्या लग्नात पंगतीला वाढलं होतं या माणसानं.

७ मे, मंगळवार

अर्ध्या दिवसाची रजा टाकून कचेरीत गेले. यादीचं काम मंगळवारीच होतं. आत्या माझ्याआधी तासभर घरून निघाल्या होत्या. वाटलं, तिथेच भेटतील, तिथेच समोरासमोर विचारीन. त्या नको म्हणाल्या तर नाही घ्यायचं कार्ड. एवढं ठरवून गेले होते.

आत्या तिथे नव्हत्या. कारकुनाला विचारलं.

"आजी? त्या फेब्रुवारीत आल्या होत्या शेवटच्या. नाव कमी करून घेतलं आणि कार्ड नेलं. तुमच्या घराचं यादीत आता तुमचं एकटीचं नाव आहे."

मी म्हटलं, दुसऱ्या कोणी असतील. त्यानं नोंदवही उघडून दाखवली. आत्यांची सही. त्यांना सही करायला मीच शिकवलं होतं, शेवटचं अक्षर नेहमी ओळीखाली घसरतं. तसंच घसरलेलं होतं.

घरी आले. आत्या दुपारी आल्या, चप्पल काढली, माझ्याकडे पाहिलं आणि समजल्या.

"आत्या, मला सांगायचं तरी."

"तू त्या जागेसाठी जीव टाकत होतीस. तुझा धीर कशाला घालवू?"

"मी तुमच्यासाठी जीव टाकत होते."

त्या खाटेवर बसल्या. गुडघे चोळायला लागल्या. मग म्हणाल्या, "मला उंचावर घर घेऊन करायचंय काय? सकाळी उठून खाली बघायचं, माझी चूल किती हात पाण्याखाली आहे? ते मला नाही जमायचं. पोरीला कार्ड लागेल तेव्हा घरात एक तरी कायमचं माणूस असावं, म्हणून घेतलं."

"मग दर मंगळवारी जाता कुठे?"

"औषधाच्या दुकानात बसते. पंखा आहे तिथे."

म्हटलं, पंखा आपल्याकडेही आहे. तर म्हणाल्या, "तिथली हवा वेगळी."

मला हसावं की रडावं कळेना. सव्वा वर्ष आम्ही दोघी एकमेकींसाठी तिकडे परत जायला निघालो होतो.

८ मे, बुधवार

झोपून उठल्यावर सोपं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. आत्यांना नकोय, म्हणजे मला नकोय असं होत नाही. काल दिवसभर मी त्यांचं कारण पुढे करत होते, आता ते काढून घेतलं तर खाली माझं स्वतःचं सापडलं. मला ती जागा हवी आहे. मला सकाळी उठून बघायचंय, किती हात पाण्याखाली.

पण मला परवानाही हवाय. आणि दोन्ही एकदम मिळणार नाही.

तो खांब, ती धार, अंधारात ऐकू येणारी पलीकडची हाक. यादीत नाव ठेवलं म्हणून यातलं काही परत मिळणार नाही. आणि नाव काढलं म्हणून ते माझं नव्हतं असंही ठरणार नाही. हे मी इथे लिहिलं. लिहिलं तेव्हा खरं वाटलं. उद्या वाटेल का माहीत नाही, म्हणून उद्याच जाऊन यायचं.

९ मे, गुरुवार

कारकून म्हणाला, मंगळवारी या. म्हटलं, मंगळवारपर्यंत माझा विचार बदलला तर तुमच्यावर येईल. त्यानं वही उघडली.

सही केली. एका दमात झाली याचंच वाईट वाटलं. बाहेर आले, दोन पावलं चालले आणि पायरीवर बसून राहिले. शिपायानं पाणी आणून दिलं.

किराणावाले काकांकडे जाऊन स्वतः सांगितलं. इकडून तिकडून कळण्यापेक्षा बरं. त्यांनी ऐकून घेतलं आणि अर्जांच्या गठ्ठ्यात मान घातली. मी म्हटलं, "अर्ज लिहायला माणूस लागलं तर मला बोलवा. माझं अक्षर चांगलं आहे."

२० मे, सोमवार

परीक्षेत चारशे मीटर न थांबता पोहायचं, तळातून वजन काढायचं आणि एका माणसाला बुडताना वाचवून काठावर आणायचं. माणूस आपणच न्यायचं. औषधवाली तयार होती. व्यवस्थापक म्हणाले, ती घाबरली तर तुम्हाला घेऊन बुडेल.

जेवताना हे बोलत होतो. लेक ताटात बघत म्हणाली, "मी येते."

"शाळेत दहावीचे जादा तास आहेत."

"शनिवारी सकाळचे आहेत. बुडवीन मी शाळा." मग स्वतःच्या विनोदाला स्वतःच जराशी हसली.

मी म्हटलं, "तुझ्या वर्गातल्या असतील कोणी तिथे. दोघी येतात दर शनिवारी पोहायला."

"माहितीये."

आत्या म्हणाल्या, "जाऊ दे की तिला. आणि भाजी संपव गं."

१ जून, शनिवार

पास झाले.

चारशे मीटरला काही वाटलं नाही. वळायचं तेवढं जड गेलं, दर वेळी भिंत मध्ये येते. मी सरळ जाणारी बाई.

मग लेक नऊ फुटात उतरली. परीक्षकानं तिला सांगितलं, अंग सोडून द्यायचं, मदत करायची नाही. ती खाली गेली. मी सूर मारला. तळाशी ती डोळे उघडे ठेवून माझ्याकडेच बघत होती, लहानपणी बघायची तशी. बगलेत हात घातला, वर आणलं, एका हातानं काठापर्यंत ओढलं. तिनं खरंच अंग सोडलं होतं. इतकी जड झालीय, कळलंच नव्हतं. किती दिवसांत तिला उचललं नव्हतं.

काठावर तिच्या वर्गातल्या दोघी उभ्या होत्या. एकीनं विचारलं, "तुला पोहता येतं?"

"येतं."

"मग शाळेत का नाही पोहत? कुठे शिकलीस?"

मी टॉवेल शोधायचं निमित्त करून पाठ फिरवली.

"आमच्याकडे नदी होती," लेक म्हणाली. "ही माझी आई. नाव चालवायची." मग तिनं त्या दोघींसमोर नऊ फूट आरपार पोहून दाखवलं, वेगात, चुकीच्या पद्धतीनं, डोकं वर काढून. नदीत तसंच पोहतात, समोरून काय वाहत येतंय ते दिसायला हवं म्हणून. परीक्षक म्हणाले, ही ढब सुधारायला हवी. मी 'हो' म्हटलं. सुधारणार नाही.

३ जून, सोमवार

व्यवस्थापकांना परवाना दाखवला आणि त्याच दमात मागणी केली. आठवड्यातून एक तास तात्पुरत्या कार्डवाल्या बायका-मुलींना. ते म्हणाले, समितीपुढे ठेवतो, पण लगेच होईल असं समजू नका. म्हटलं, मी दर सोमवारी विचारत जाईन.

किराणावाल्या काकांनी आज निरोप पाठवला. बोलायला नाही आले. सात कोरे अर्ज आणि वर चिठ्ठी, 'अक्षर सुवाच्य हवे.' चार लिहून झाले.

११ जून, मंगळवार

सकाळी निघताना बघते तर आत्या दारात तयार. हातात पिशवी.

"आज मंगळवार. एवढ्या लवकर दुकान उघडत नाही," मी म्हटलं.

"दुकानात नाही. तुझ्याकडे यायचंय. कायमचं कार्ड आहे माझ्याकडे, कोण अडवतो बघू."

बसमध्ये म्हणाल्या, "साठ वर्षं नदीकाठी काढली. सासरा नावाडी, नवरा नावाडी, मुलगा नावाडी, सूनही. मला गुडघ्याच्या वर पाण्यात कोणी उतरू दिलं नाही. घागर भरायची आणि मागे फिरायचं."

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, त्यांना येतं आणि वयामुळे सोडलं.

सगळ्या जणी बाजूला झाल्या. औषधवालीनं एक दंड धरला, मी दुसरा, पायरी पायरीनं तीन फुटात उतरवलं. पाणी छातीला आलं तशा थांबल्या, दोनदा खोल श्वास घेतला. म्हणाल्या, "गुडघे दुखायचे थांबले गं." मग मी पाठीखाली दोन्ही हात घातले आणि सांगितलं, "मान सोडा. कान बुडू द्या. वर बघा." ताठल्या नाहीत. इतक्या हलक्या होत्या की हातावर काही आहे असं वाटेना. पांढरे केस पाण्यावर पसरले. पलीकडून औषधवाली म्हणत होती, काठ जवळ आहे आजी, घाबरू नका, आणि आत्या तिचं ऐकतच नव्हत्या, आभाळाकडे बघत होत्या.

"हात काढ," त्या म्हणाल्या.

मी काढला नाही. अकरा बायकांच्या पाठीखालचे काढले, यांच्या निघेनात.

"काढ म्हणते ना."

काढले.